गाभण नुकसानभरपाई

शेळीला कोर्टात साक्षीला उभं करता येत नाही, ही आपल्या कायद्यातली मोठी उणीव आहे, असं इतक्या वर्षांच्या वकिलीनंतर माझं ठाम मत झालं आहे. शेळीला बोलावता आलं असतं, तर विलासचा खटला एका सकाळीत निकाली निघाला असता. पण मग सरवदे बाईंना साक्षीच्या पिंजऱ्यात बघायचं भाग्य आम्हाला लाभलं नसतं. तेव्हा कायदा आहे तसाच राहू द्या.

सरवदे बाई म्हणजे बेंबळीच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ आणि पर्समध्ये पीटीची शिट्टी. निवृत्त होताना बाईंनी शाळेची टाचणीसुद्धा मोजून परत केली, पण शिट्टी दिली नाही. "ती माझी आहे. शाळेची शिट्टी वाजत नव्हती म्हणून मी स्वतः घेतली होती," असं त्यांनी नव्या हेडमास्तरांना सुनावलं, आणि खात्री पटावी म्हणून तिथंच वाजवूनही दाखवली. सगळी शाळा मैदानात येऊन रांगेत उभी राहिली.

ही शिट्टी पुढं गावभर वाजत राहिली. ग्रामसभेत दोघं एकदम बोलायला लागले की शिट्टी. एसटीत जागेवरून जुंपली की शिट्टी. एकदा तर ड्रायव्हरनं कंडक्टरची समजून गाडी मधेच थांबवली होती. एका लग्नात मंगलाष्टकं फार लांबली आणि नवरीला उन्हानं चक्कर यायला लागली, तेव्हा बाईंनी शिट्टी फुंकली आणि गुरुजींनी उरलेली कडवी एका दमात संपवली, असं लोक सांगतात. मी त्या लग्नाला होतो. लोक खरं सांगतात.

बाईंनी आयुष्यात कधी कुणा पोरावर हात उगारला नाही. त्यांचं हत्यार वेगळं होतं. पोरगं खोटं बोलतंय असा वास आला की बाई खुर्चीत रेलायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "पुन्हा सांग." पोरगं पुन्हा सांगायचं. "छान. पुन्हा सांग." तिसऱ्या वेळेपर्यंत गोष्टीतला कुत्रा, पाऊस, वारलेली आजी हे सगळे एकेक करून गळून पडायचे आणि खाली नुसतं खरं उरायचं. मी पुढं मोठमोठ्या वकिलांच्या उलटतपासण्या ऐकल्या. या दोन शब्दांच्या जवळपास एकही जात नाही.

आणि शिक्षा? ती तर त्याहून वेगळी. आमच्या वर्गातल्या शिवानं एकदा मंदाच्या डब्यातली भाकरी खाल्ली. दुसऱ्या मास्तरांनी त्याला दिवसभर अंगठे धरायला लावले असते. बाईंनी विचारलं, "भाकरी कुणाची गेली?"

"मंदाची."

"मग शिवानं अंगठे धरले तर ती मंदाच्या पोटात जाईल का?"

निकाल असा लागला, की शिवानं स्वतःच्या हातानं भाकरी थापायची, भाजायची आणि मंदाला आणून द्यायची. मंदा 'बास' म्हणेपर्यंत. पहिल्या दिवशीची भाकरी परिपाठाला सगळ्या शाळेनं बघितली. ती कुठल्याच बाजूनं गोल नव्हती आणि मधोमध तिला खिडकी होती. मंदानं एक तुकडा मोडला, चावला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, शिक्षा त्याला हाय का मला?"

पण बाई हटल्या नाहीत. आज शिवाची रस्त्यावर चांगली चालणारी खानावळ आहे. मंदा गल्ल्यावर बसते, कारण ती त्याची बायको आहे. भाकऱ्या अजून तोच थापतो. तिनं अजून 'बास' म्हटलेलं नाही.

आता विलासकडं वळू. त्याआधी बाहेरगावच्या वाचकांसाठी अर्धलीचा रिवाज सांगायला हवा. आमच्या जिल्ह्याची शेळी नामांकित आहे. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच म्हणवून घेते. तिला कुणी विचारलं नसावं. ही शेळी आमच्याकडं अर्धलीनं देतात. म्हणजे शेळी एकाची, राखणार दुसरा. पिल्लं झाली की निम्मी मालकाची, निम्मी राखणाऱ्याची. मालक ओसरीवर पान खात बसतो आणि राखणारी बाई बांधाबांधानं पाला तोडत हिंडते. आमच्या गावातल्या कितीतरी बायकांच्या दारात पिढ्यान् पिढ्या शेळ्या होत्या, पण शेळी कुणाची असं विचारलं की बोट मोठ्या घराकडं जायचं.

सरवदे बाईंच्या आईनंही अशाच शेळ्या राखल्या. वाट्याला आलेलं पिल्लू जरा अंगानं भरलं की बाजारात जायचं आणि त्यावर बाईंच्या शिक्षणाचं एक वर्ष निघायचं. "मी अख्खा कळप शिकले आहे," असं बाई हसत हसत सांगायच्या. मात्र आईच्या दावणीला आईची म्हणावी अशी एकही शेळी शेवटपर्यंत बांधली गेली नाही, हे सांगताना हसायच्या नाहीत.

विलास आला तो नेमका ही नस पकडून. परंड्याकडचा गडी. पांढरेशुभ्र कपडे, जिभेवर गूळ, आणि वाक्यागणिक सोनारीच्या काळभैरवाची शपथ. काळभैरवाला त्या काळात दुसरं काही काम करायला वेळ मिळाला असेल असं वाटत नाही. बाईंच्या बचत गटासमोर उभं राहून तो म्हणाला, "मावश्यांनो, आजवर तुमी लोकाच्या शेळ्या राखल्या. आता उलटं करू. शेळी तुमची, राखणार म्या. पिल्लं निम्मी-निम्मी. तुमी मालकिणी, म्या तुमचा गुराखी. काळभैरवाची आण!"

दुसरं कुठलंही आमिष त्या बायकांनी हसण्यावारी नेलं असतं. त्या सोन्याला भुलल्या नसत्या की दामदुपटीला. पण मालकीण! गटातल्या राधाक्कानं तो शब्द तोंडात खडीसाखरेसारखा घोळवला म्हणे. आणि सगळ्यांच्या आधी पैसे भरले ते खुद्द सरवदे बाईंनी. बाईंनी भरले म्हटल्यावर बाकीच्यांनी विचारसुद्धा केला नाही.

विलासनं मालकिणींना निराश केलं नाही. दर रविवारी सकाळी एका वस्तीवरच्या आणि दुपारी दुसऱ्या वस्तीवरच्या बायका टेंपोत बसवून तो माळावरच्या आपल्या 'फार्म'वर न्यायचा. तिथं तारेच्या कुंपणात शेळ्या उभ्या असायच्या. प्रत्येकीनं आपली निवडायची, तिच्या गळ्यात आपल्या रंगाची फीत बांधायची आणि तिला नाव ठेवायचं. बायकांनी बारशी केली. घुगऱ्या वाटल्या. एका शेळीचे कान पांढऱ्या ठिपक्यांचे होते, चाल ऐटबाज होती, डोळे असे की बघणारीनं भाळावंच. ती सगळ्यांनाच आवडायची. विलास कुणाचं मन मोडायचा नाही. त्यानं ती सगळ्यांनाच दिली.

एका रविवारी टेंपो वाटेत बंद पडला. सकाळच्या बायका दुपारी पोचल्या आणि दुपारच्या तर टेंपोची वाट न बघता पायीच येऊन वेळेवर हजर होत्या. राधाक्का "अगं माझी राणी!" म्हणत पुढं झाली आणि ठिपक्यांच्या कानाच्या शेळीला मिठी मारली, तर पलीकडून दुसऱ्या एका बाईनं शेळीचा मागचा पाय धरला.

"राणी कुणाची गं? ही माझी चंपी हाय! सोड तिला!"

"तुझ्या डोळ्यात काय फूल पडलंय का? पिवळी फीत दिसंना व्हय तुला?"

"आगं, गेल्या रविवारी लाल व्हती, म्याच बांधली की!"

बाईंनी शिट्टी मारली. सगळं थांबलं, शेळीसुद्धा. बाई पुढं गेल्या आणि त्यांनी ती पिवळी फीत सोडली. खाली शेळीची मान काळी नव्हती. फितींचा स्वस्तातला रंग घामानं उतरून तिच्या मानेवर लाल, हिरवे, निळे, गुलाबी असे पट्टे उमटले होते. धुळवड खेळून आल्यासारखी शेळी. बाईंनी वळून विलासकडं बघितलं. तो कुंपणाच्या पलीकडं पोचलाही होता. पुढं कळलं, की फार्म भाड्याचा, आणि शेळ्यासुद्धा एका धनगराकडून रविवारपुरत्या भाड्यानं आणलेल्या.

पोलिसांनी विलासला पकडलं, काही महिने तो आत राहिला, जामिनावर सुटला आणि काही वर्षांनी खटला सुरू झाला. बाईंनी सरकारी वकिलांच्या जोडीला मला उभं केलं. मला विचारलं वगैरे नाही. "सुध्या, उद्या सकाळी काळा कोट धुऊन ये," एवढाच निरोप आला.

साक्षी सुरू झाल्या तेव्हा त्या शेळीचा फोटो साक्षीदारांना दाखवण्यात आला. राधाक्का म्हणाली, "ही माझी राणी." पुढची म्हणाली, "चंपी." त्याच्या पुढची म्हणाली, "सोनी हाय की ही. जरा रोडावलीय." एकीनं तर फोटोच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. टायपिस्टनं वर बघून विचारलं, "साहेब, शेळीचं नाव काय टाकू?" न्यायाधीश तरुण होते, गंभीर राहायचा मनापासून प्रयत्न करत होते. म्हणाले, "सगळी टाका."

मग सरवदे बाई पिंजऱ्यात आल्या. "ही प्रगती," त्यांनी ओळख पटवली.

विलासचे वकील देशमाने हे आमच्या बारमधले सगळ्यात दणकट आवाजाचे गृहस्थ. त्यांनी कोट सावरला. "बाई, आपण उच्चशिक्षित, मुख्याध्यापिका, समाजाला दिशा देणाऱ्या, आणि तरीसुद्धा एका साध्या माणसाच्या भूलथापांना आपण बळी पडलात, असं आपल्याला या न्यायालयाला सांगायचं आहे काय?"

बाई कठड्याला रेलल्या. "पुन्हा विचारा."

देशमाने गडबडले. "आपण शिकलेल्या असूनही फसलात, असं म्हणायचंय का?"

"पुन्हा."

"तुम्ही फसलात का?"

"व्हय, फसले. शिकलेल्या बाईला हौस नसती का? आता प्रश्न नीट झाला. बसा."

आणि देशमाने बसले. खरंच बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते पुन्हा उठले, पण तोवर पुढचा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला होता.

खटला आपल्या विरोधात चाललाय हे विलासला कळून चुकलं. मग देशमान्यांनी अर्ज दिला. कायद्यात एक वाट असते: आरोपीनं गुन्हा कबूल करायचा, फसवलेल्या लोकांशी समोरासमोर बसून भरपाई ठरवायची आणि त्याबदल्यात शिक्षा कमी करून घ्यायची. मी बाईंना हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे शिवाची भाकरी. तुमच्या कायद्याला हे आत्ता सुचलं का?"

बायका मात्र तयार नव्हत्या. कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली सभा भरली. राधाक्का सगळ्यात तापलेली.

"बाई, मला भरपाई नगं न् बिरपाई नगं. मला त्यो खडी फोडताना बघायचाय."

"बघ की," बाई म्हणाल्या. "बघून झाल्यावर काय करशील?"

"काय करनार? घरी यीन."

"आणि गोठ्यात काय असंल?"

"खुंटा."

"मग त्या खुंट्याची धार काढ."

बायका हसायला लागल्या. राधाक्कालाही हसू फुटलं, पण तिनं ते पदराआड दाबलं. "मग पैसं घ्या त्याच्याकडनं."

"पैसे आले की तुझा थोरला मोटारसायकल आणील. धाकटा मोबाईल आणील. तुझ्या हातात काय राहील? पावती. आपण पैसे दिले होते ते शेळीसाठी. शेळीच घ्यायची. दारात बांधायची. थोरला काय शेळीवर बसून पेट्रोल पंपावर जाणार आहे?"

हे सगळ्यांना पटलं.

वाटाघाटींची बैठक म्हणजे मी वकिलीत बघितलेला सगळ्यात सुंदर तमाशा. टेबलाच्या एका बाजूला विलास आणि देशमाने. समोर सरकारी वकील मॅडम, तपास करणारे फौजदार, मी आणि मधे बाई. देशमान्यांनी हप्त्यांचा प्रस्ताव मांडला. बाईंनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "शेळी."

"बाई, बाजारभावानं किंमत धरू..."

"किंमत मागितली कुणी? शेळी ठरली होती, शेळी द्या."

देशमान्यांनी विलासकडं बघितलं, विलासनं जमिनीकडं. "ठीक आहे. प्रत्येकीला एक शेळी."

"गाभण."

"गाभण कशाला?"

"अहो वकीलसाहेब, इतकी वर्षं गेली. आमच्या शेळ्यांनी पिल्लं दिली असती का नसती? तुमच्या पैशाला व्याज असतं. शेळीचं व्याज तिच्या पोटात असतं."

सरकारी वकील मॅडमनी फाईल तोंडासमोर धरली. फाईल हलत होती. विलासनं पहिल्यांदाच मान वर केली आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "बाई, गाभण शेळी लई महाग असती हो."

"तुला काय ठाऊक? तू आयुष्यात एक तरी घेतलीस का?"

फौजदार उठून पाणी प्यायला बाहेर गेले.

बाईंची आणखी एक अट होती. शेळ्या टेंपोतून चौकात उतरवून निघून जायचं नाही. विलासनं प्रत्येक दारात स्वतः जायचं, दावं मालकिणीच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "ही तुमची शेळी. तुम्ही मालकीण." देशमाने म्हणाले, असं वाक्य कुठल्या कलमात बसत नाही. बाई म्हणाल्या, "कलमात नको, त्याच्या तोंडात बसवा."

न्यायाधीशांनी तोडगा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "बाई, मी आजवर नुकसानभरपाई रुपयांत दिली आहे. ही गाभण नुकसानभरपाई पहिलीच." मग त्यांनी बायकांना विचारलं, "हे तुम्हा सगळ्यांना राजीखुशीनं मान्य आहे?"

"मान्य हाय साहेब, पर काळीच पायजे."

"दुसऱ्या वेताची द्या म्हणावं. पहिलटकरीण नगं."

"साहेब, मारकी नगं. आमच्यात सासूच मारकी हाय."

न्यायाधीशांनी 'सुदृढ व गाभण' एवढंच लिहून घेतलं आणि जनावरांच्या सरकारी डॉक्टरनं तपासून दाखला द्यावा असं सांगितलं. मग आवाज जरा कडक केला. सगळ्या दारांत शेळ्या पोचल्या, की ते शिक्षा सुनावतील आणि ती सौम्य असेल. एक जरी दार रिकामं राहिलं, तर तोडगा मोडला, खटला पुढं चालू.

विलासनं टेंपो विकला, वाट्याची जमीन भावाला विकली आणि बाजारात जाऊन शेळ्या घ्यायला लागला. बाई बरोबर असायच्याच. पहिल्या काही दारांत तो ते वाक्य असं पुटपुटायचा, की शेळीलाही ऐकू जाऊ नये. राधाक्कानं तर त्याला फाटकातच उभं केलं आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो होईपर्यंत शेळीनं दारातली तुळस अर्धी खाल्ली.

"झालं का तुझं?" बाईंनी विचारलं.

"न्हाय अजून."

"मग दावं धर आणि बोल."

राधाक्कानं दावं हातात घेतलं. विलास म्हणाला, "ही तुमची शेळी. तुमी मालकीण." राधाक्काचं तोंड उघडंच राहिलं आणि शिवी काही आली नाही. तिनं शेळीच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात दिला, आणि विलासकडं न बघता आत ओरडली, "सुनबाई, एक कप च्या ठिव. साखर कमी टाक, लायकी न्हाय त्याची."

स्वभाव मात्र इतक्या लवकर जात नाही. एका संध्याकाळी विलास राधाक्काच्या घरी गेला, शेळीला डॉक्टरला दाखवून आणतो म्हणाला आणि तीच शेळी घेऊन दुसऱ्या वस्तीकडं निघाला. वाटेत बाई भेटल्या.

"ही कुणाची रे?"

"नवी आणली बाई. आजच्या बाजारातली. काळभैरवाची आण."

"पुन्हा सांग."

"नवी हाय बाई. बाजारातली."

"छान. पुन्हा सांग."

विलासनं बाईंकडं बघितलं, शेळीकडं बघितलं. शेळी राधाक्काच्या घराच्या दिशेनं ओढ घेत होती. "राधाक्काची हाय," तो म्हणाला आणि स्वतःच वळला. हा प्रकार बाईंनी पुढच्या तारखेला स्वतः न्यायाधीशांच्या कानावर घातला, वर शेराही मारला, "विद्यार्थी सुधारतोय. पण हळू."

शिक्षा सुनावायचा दिवस उजाडला तेव्हा सगळ्या दारांत शेळ्या पोचल्या होत्या. एक दार सोडून. सरवदे बाईंनी स्वतःची शेळी मुद्दाम शेवटची ठेवली होती, आणि विलासकडं विकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तो मान खाली घालून उभा होता. देशमान्यांचा आवाजसुद्धा त्या दिवशी माणसात आला होता. "बाई, बाकीच्या सगळ्यांचं समाधान झालंय. आपण मोठ्या मनाच्या. आपण आपली शेळी सोडून दिलीत, तर आत्ता निकाल होईल."

सरकारी वकील मॅडमनीही हळूच मान हलवली. मलाही वाटलं, बाई आता माफ करणार. तसंच शोभलं असतं. बाई उभ्या राहिल्या.

"मी सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "साहेब, माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्याच्या शेळ्या राखल्या. आपली शेळी सोडून द्यायची झाली तरी आधी ती आपली असावी लागते. मोठं मन मी नंतर दाखवीन. आधी शेळी."

न्यायाधीशांनी डायरी उघडली. मग त्यांनी पुढची तारीख दिली, आणि ही शेवटची असं विलासला बजावलं.

विलास तेरखेड्याला गेला आणि फटाक्यांच्या कारखान्यात कामाला लागला. शेवटच्या तारखेला सकाळी त्याचा पत्ता नव्हता. पुकारा झाला, कुणी आलं नाही. देशमान्यांनी वेळ मागून घेतला. बाई लिंबाखाली बसून होत्या. त्या दिवशी त्यांनी कुणाची चूक काढली नाही, कुणाला रांगेत उभं केलं नाही. नुसत्या फाटकाकडं बघत होत्या. मला त्यांच्याकडं बघवेना.

आणि फाटकातून विलास आला. अंगावरचे कपडे मळलेले, बोटांना चंदेरी दारू लागलेली, आणि दाव्याला एक काळीभोर, पोटानं चांगली रुंद झालेली शेळी. पोलीस तिला आत सोडेनात. शेळीला कोर्टात काय काम, असं त्यांचं म्हणणं. आतून न्यायाधीशांचा निरोप आला, की ती या प्रकरणातली भरपाई आहे, आवारात येऊ द्या.

विलास बाईंसमोर उभा राहिला. डॉक्टरचा दाखला त्यानं माझ्या हातात दिला आणि दावं बाईंच्या. मग सगळं आवार ऐकेल अशा स्वच्छ आवाजात म्हणाला, "बाई, ही तुमची शेळी. तुम्ही मालकीण." या वेळी त्यानं काळभैरवाला मधे घेतलं नाही.

बाई खाली बसल्या. शेळीच्या पोटावर त्यांनी हात ठेवला आणि तो तसाच ठेवून राहिल्या. राधाक्का पुढं झाली, तर तिलाही त्यांनी हातानंच थांबवलं. मग उठल्या, नाक ओढलं आणि दाव्याला हिसका देऊन बघितला. "दावं जुनं आहे," त्या म्हणाल्या. "नवं आणून दे."

निकाल लागला. दोषी, आत काढलेले महिने हीच शिक्षा, थोडा दंड, आणि पुढं नीट वागण्याचं बंधपत्र. विलासनं सही केली आणि बाहेर आला तेव्हा तो मोकळा होता. निदान कायद्याच्या लेखी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी वकिलीसाठी संभाजीनगरला गेलो आणि बाईंची भेट राहूनच गेली. त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर त्या आहेत त्या त्याच संध्याकाळच्या. शेळी घरी न्यायची कशी, हा प्रश्न होता. रिक्षावाला नको म्हणाला, एसटीचा कंडक्टर तर हात जोडून नको म्हणाला. बाईंनी आपली स्कूटी बाहेर काढली, पदर खोचला आणि नुकत्याच मोकळ्या झालेल्या विलासला बोट दाखवून मागं बसवलं. शेळी त्याच्या मांडीवर. बार रूममधले सगळे वकील पायऱ्यांवर येऊन उभे राहिले होते. देशमाने त्यात पहिले. स्कूटी डगमगली, सावरली, फाटकाबाहेर पडली आणि बेंबळीच्या रस्त्याला लागली. शेळीचे दोन्ही कान वाऱ्यावर उडत होते, विलास डोळे गच्च मिटून बसला होता आणि बाई रस्त्यावरच्या सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होत्या,

"घट्ट धर रे! माझी आहे ती!"